समुद्राकडे निघालात? किकवीवरून जाणारी ही वाट आधी वाचा

शुक्रवारची संध्याकाळ. पुणे-सातारा महामार्गावर किकवीजवळ गाड्यांची रांग लागलेली असते. कुणी महाबळेश्वरला निघालेलं असतं, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट गोव्याला. पुण्यापासून साधारण ४५ किलोमीटरवरचं भोर तालुक्यातलं हे गाव बहुतेकांना फक्त पाटीवर दिसतं. चहाचा एक कप आणि गाडी पुढे.

पण कोकणातला समुद्र गाठायचा असेल, तर याच परिसरातून एक जुनी वाट जाते. कापूरहोळ, भोर, वरंधा घाट, महाड आणि तिथून हरिहरेश्वर-श्रीवर्धन. या वाटेवर समुद्राच्या आधीच इतकं काही आहे की एका दिवसात आवरणार नाही, तेव्हा एक मुक्काम धरूनच निघा.

डोंगरात आलेली समुद्राची घंटा

किकवीहून पुण्याच्या दिशेने थोडं मागे गेलं की नसरापूरचं बनेश्वर मंदिर लागतं. गर्द झाडीतलं हे शिवमंदिर पेशवेकाळातलं. लोक दर्शन घेतात, मागचा धबधबा बघतात आणि निघतात. जाण्याआधी तिथल्या घंटेकडे मान वर करून बघा. तिच्यावर क्रॉस आहे आणि १६८३ हे साल आहे. शंकराच्या देवळात क्रॉस कसा? चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यातली एक भीमाशंकरला गेली, एक वाईजवळ मेणवलीला आणि एक इथे आली. म्हणजे समुद्रकाठच्या शहराची एक खूण या डोंगरात आधीच येऊन बसली आहे.

रीलमधला तो नेकलेस

कापूरहोळहून भोरकडे वळलं की इंगवलीजवळ नीरा नदी असं वळण घेते, की वरून बघताना गळ्यातला हार वाटावा. म्हणून नाव पडलं नेकलेस पॉइंट. तुमच्या फीडमध्ये हा व्हिडिओ एकदा तरी येऊन गेलाच असेल. पाऊस ओसरल्यावर हिरव्या शेतांच्या मधोमध हे वळण खरंच सुंदर दिसतं, ड्रोनची गरज नाही. अडचण एवढीच की ते रस्त्याच्या कडेवरून दिसतं. वळणावर गाडी थांबवून मधोमध उभं राहून फोटो काढणारे आणि मागून येणारी एसटी, हे गणित तुम्हीच मांडा. गाडी पुढे मोकळ्या जागेत लावून चालत मागे येणं सगळ्यात बरं.

धरण उशाला

याच भागात भाटघर धरण आहे. नीरेची उपनदी असलेल्या वेळवंडीवर ते १९२७ मध्ये पूर्ण झालं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यावरून त्याला लॉइड धरण म्हणत. आता त्याच्या जलाशयाला शिवरायांचे सरदार येसाजी कंक यांचं नाव आहे. क्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी. पावसाळ्यात धरण भरलं की स्वयंचलित दरवाजांतून कोसळणारं पाणी बघायला गर्दी होते.

हे पाणी जातं कुठे? नीरेच्या कालव्यांनी पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. तिकडचा ऊस यावर उभा आहे. आणि ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्या भोरच्या डोंगरातल्या काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं जुनं दगडी मंदिर जलाशयातून वर येतं. वर्षातला बराच काळ पाण्यात राहणारं हे मंदिर बघायला मे महिन्यात लोक मुद्दाम जातात. तेव्हा पाणी शांत आणि उथळ वाटतं, पण खाली गाळ असतो आणि तळ अचानक खोल होतो. मे २०२२ मध्ये याच जलाशयात पाच महिलांचा बुडून मृत्यू झाला. काठावर बसा, पाण्यात उतरू नका.

भोर गावात पंतसचिवांचा राजवाडा आहे, १८६९ मध्ये बांधलेला. भोर संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं, पण वाड्याचे लाकडी खांब आणि चौक अजून दिमाखात आहेत. इथे बऱ्याच चित्रपटांचं चित्रीकरण होतं, त्यामुळे आत सोडतील की नाही ते आधी विचारून घ्या. वेळ असेल तर बाजारवाडीहून रोहिडा किल्ला चढता येतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवरायांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यातला हा एक. आणि परतताना भोरचा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ घ्यायला विसरू नका.

घाट चालू आहे का?

भोरनंतर रस्ता नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने वर चढतो आणि वरंधा घाटातून एकदम कोकणात कोसळतो. पायथ्याशी शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे लिहिला, असं परंपरा सांगते.

पावसाळ्यात घाटाचे व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो सगळ्यात धोकादायक असतो. २२ जुलै २०२१ ला घाटाखालच्या महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात घाटरस्त्याचंही मोठं नुकसान झालं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन वाहतूक बंदीचे आदेश काढतं. कधी फक्त अवजड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. जुना व्हिडिओ बघून निघालेले अनेक जण मग बॅरिकेडपाशी येऊन वाद घालत बसतात. निघायच्या आदल्या दिवशी ताजा आदेश बघा. घाट बंद असेल तर ताम्हिणीचा पर्याय असतो, पण त्याचीही चौकशी करूनच.

महाडला पोचलात की चवदार तळ्यापाशी थांबा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. भाटघर धरण पूर्ण झालं तेच हे वर्ष. एकीकडे पाणी अडवून शेकडो गावांना वाटलं जात होतं, आणि घाट उतरलं की माणसांना ते पिण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह करावा लागत होता.

महाडहून दोनेक तासांत हरिहरेश्वर. मंदिरामागची प्रदक्षिणेची वाट लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाते. ती फक्त ओहोटीलाच करायची. भरतीच्या वेळा स्थानिक लोक किंवा देवळातले गुरुजी सांगतात. मुक्कामाला शेजारचं श्रीवर्धन बरं, पेशव्यांच्या भट घराण्याचं मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ इथूनच घाट चढून देशावर गेले.