योद्धा मोठा की जादूगार?

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. टेबलाभोवती बसून मित्रमंडळी साहसकथा रचतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी धर्मगुरू. वार लागला की हुकला, हे फासा ठरवतो.

वाद मात्र जुनाच! सुरुवातीला जादूगाराजवळ दिवसाला एकच मंत्र. पुढे तो इतका बलाढ्य होतो, की योद्धा झालेला गडी नुसता बघत बसतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सर्वांच्या शक्ती जवळपास एकाच साच्यात बसवल्या. तेव्हा ‘सगळे सारखेच वाटतात’ अशी तक्रार झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने वेगळेपण परत आणले आणि जुना वादही.

खरा प्रश्न ताकदीचा नाहीच. खेळायला आलेला एकही मित्र रिकामा बसू नये, एवढे नियमांनी सांभाळले तरी पुरे!