पंपाचा निरोप पेशीपर्यंत कसा पोहोचतो?

ठाण्याकडून भिवंडीला निघालात की खाडीवरचा पूल ओलांडल्यावर कशेळी लागते. पुढे काल्हेर, गोदामांच्या रांगा, ट्रकचा धूर; भिवंडीत शिरल्यावर यंत्रमागांची रुई. अशा हवेत दमा असलेल्या माणसाच्या खिशात सालब्युटामॉलचा पंप असतो आणि मनात भीती, ‘याची सवय तर लागणार नाही ना?’

हे औषध ॲड्रेनलिन या संप्रेरकाची नक्कल आहे. संप्रेरक पेशीच्या दारावर थाप मारते, पण आत जात नाही. मग आतले काम होते कसे? १९५०च्या दशकात अमेरिकेत अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी यकृताच्या पेशी कुटून हे शोधले. त्या लगद्यातून पेशीपटलाचे तुकडे काढून टाकले, तर ॲड्रेनलिनचा काही परिणाम होईना. मग नुसत्या त्या तुकड्यांवर ॲड्रेनलिन घातले, ते मिश्रण चक्क उकळले आणि उरलेल्या द्रवात ओतले. परिणाम दिसला! उकळल्यावर विकरे, म्हणजे एन्झाइम, निकामी होतात. तेव्हा हा निरोप्या विकर नव्हे, दुसराच कोणी छोटा रेणू होता. तोच सायक्लिक एएमपी. सदरलँड यांना १९७१चे नोबेल मिळाले.

आज साखळी स्पष्ट आहे. पेशीपटलातल्या ग्राहीला औषध चिकटते, ग्राही शेजारच्या जी-प्रथिनाला जागे करतो आणि ते पटलातच बसलेल्या ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला चालू करते. ते एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवते. श्वासनलिकेचे स्नायू त्यामुळे काही मिनिटांत सैल पडतात. हाच निरोप यकृतात साखर सोडवतो, हृदयाची गती वाढवतो. पंप घेतल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, ते यामुळेच.

तर सवय? दारूसारखी नाही. पण दारावर सारखी थाप पडली की पेशी ग्राहीच आत ओढून घेते आणि निरोप क्षीण होतो. त्याहून मोठी अडचण अशी की, या पंपाने नळीची सूज उतरत नाही. ती उतरवतो स्टेरॉइडचा पंप. तो पेशीच्या आत जाऊन जनुकांच्या कामात बदल घडवतो, म्हणून पुरता गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. ‘फरक पडत नाही’ म्हणून लोक नेमका तोच सोडतात. स्वस्त आणि झटपट पंपाचा मोह मला समजतो. पण नुसत्या सालब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, असे जागतिक दमा मार्गदर्शिका ‘जीना’ २०१९पासून सांगते आहे.

एका पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षात तीन किंवा अधिक पंप संपत असतील, तर गंभीर झटक्याचा धोका वाढलेला असतो. पुढच्या भेटीला रिकामे पंप पिशवीत घालून आणा; मोजू.