फुप्फुसाला आपल्याच पेशींपासून कोण वाचवतं?

धाराशिव जिल्ह्यातला भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो. कुंथलगिरीचा प्रसिद्ध पेढा इथलाच. लाकडाच्या भट्टीवर खवा करायचा तर दूध आटेपर्यंत कढईत हलवत राहावं लागतं आणि तेवढा वेळ धूर छातीत जात राहतो. घरच्या चुलीपुढेही तेच. अशा धुरात वर्षानुवर्षं राहिलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या माणसालाही सीओपीडी हा धापेचा आजार होऊ शकतो. त्यातलं बरंचसं नुकसान मात्र आपल्याच पेशी करतात.

धुराचे कण श्वासनलिकांत पोहोचले की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून तिकडे धाव घेतात. त्यांच्या आत बारीक पुड्यांमध्ये एन्झाइम भरलेली असतात. त्यातलं इलास्टेज मोठं आडदांड. ते जंतूंची प्रथिनं कापतं, तसंच वायुकोशांच्या भिंतींतलं इलास्टिनही कापतं. श्वास सोडताना फुप्फुस रबरासारखं आक्रसतं ते या इलास्टिनमुळे, आणि मोठ्या वयात ते एकदा तुटलं की पुन्हा धड तयार होत नाही.

मग न्यूमोनिया झालेल्या प्रत्येकाचं फुप्फुस कायमचं का बिघडत नाही? कारण शरीराने या एन्झाइमना लगाम घातलेला असतो. मुख्य लगाम म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. हे प्रथिन यकृतात बनतं आणि रक्ताच्या दर लिटरमागे साधारण १ ते २ ग्रॅम असतं. त्याचं काम उंदराच्या सापळ्यासारखं चालतं. त्याचा एक पदर आमिषासारखा बाहेर आलेला असतो. इलास्टेजने तो कापला की सापळा उलटतो, इलास्टेज चिकटून दुसऱ्या टोकाला फेकलं जातं आणि वेडंवाकडं होऊन निकामी होतं. सापळाही एकदाच वापरता येतो. याशिवाय श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एसएलपीआय आणि इलाफिन हे छोटे अवरोधक जागच्या जागी बनवतात.

या लगामाचं महत्त्व १९६३ मध्ये स्वीडनमध्ये कळलं. कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन यांना सुमारे १,५०० रक्तचाचण्यांपैकी ५ जणांत हे प्रथिन जवळपास नसल्याचं दिसलं. त्यातल्या तिघांना फुप्फुसाचा आजार होता.

भारतात ही आनुवंशिक कमतरता विरळाच. इथे लगाम असतो, पण रोजच्या धुराने न्यूट्रोफिल येतच राहतात आणि तो पुरा पडत नाही. त्यात विडी-सिगारेट असेल तर दुहेरी घात होतो: आमिषाच्या जागी असलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचं त्या धुराने ऑक्सिडीकरण होतं आणि सापळा मंदावतो.

बाहेरून अल्फा-१ अँटिट्रिप्सिन देण्याचा उपचार आहे, पण तो आनुवंशिक कमतरता असलेल्यांसाठी. भट्टीवर काम करणाऱ्याला चढावर धाप लागू लागली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याआधी स्पायरोमेट्री करून घ्यावी. नळीत जोराने फुंकायची ही चाचणी काही मिनिटांत होते आणि श्वासनलिका किती अरुंद झाल्या आहेत ते दाखवते.