ओठ आज हलतात, आवाज कालचा असतो

पांढरकवड्याच्या बाजूला कपाशीच्या शेतात चित्रित झालेलं एखादं गाणं मोबाइलवर नीट पाहा. ओढणी वाऱ्यानं फडफडते, पण वारा ऐकू येत नाही. मागं नागपूर-हैदराबाद हायवेवरून ट्रक जातो, तोही मुका. गाणारी धुऱ्यावरून पळते आणि तिला दम लागत नाही! गाणं आधीच बंद खोलीत रेकॉर्ड झालेलं असतं. शेतात ते स्पीकरवर वाजतं, ती त्यावर ओठ हलवते. आवाज एका दिवशीचा, चेहरा दुसऱ्या दिवशीचा. तरी आपल्याला दोन्ही एकाच श्वासातले वाटतात.

ही करामत सिनेमाची. १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर खरोखर गायले. तेव्हा माइक लपवावा लागे, वादक चौकटीबाहेर बसत आणि गाणाऱ्याला माइकपासून फार हलता येत नसे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूपछाँव’साठी गाणी आधी ध्वनिमुद्रित केली, चित्रीकरण मागाहून. गाणं मोकळं झालं! नायिका बागेत, डोंगरावर, आगगाडीत गाऊ लागली. परदेशात ‘क्वीन’ बँडचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ गाण्याचा गाजलेला व्हिडिओ १९७५ चा, गाण्यांची वाहिनी एमटीव्ही सुरू झाली १ ऑगस्ट १९८१ ला. आपल्याकडं गाणं त्याच्या कितीतरी आधीपासून ‘दिसत’ होतं.

आधी आवाज, मग चित्र या युक्तीच्या पोटात आणखी एक युक्ती आहे. केस संथ लहरताना दिसतात, पण ओठ शब्दांशी तंतोतंत जुळतात, हे कसं? गाणं दुप्पट वेगानं वाजवतात, गाणारी त्याच घाईनं ओठ हलवते आणि कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चित्रं टिपतो. तीच चित्रं नेहमीच्या वेगानं दाखवली की ओठ मूळ गाण्याच्या लयीवर येतात आणि उडणारी ओढणी मात्र निम्म्या वेगानं तरंगते. एकाच चित्रात दोन काळ!

पांढरकवडा ज्यात येतं त्या केळापूर तालुक्याला हे सगळं फार जवळचं आहे. इथं मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा बोलणारी माणसं राहतात. गोंडांच्या ढेमसा नाचात गाणं, ढोल आणि पावलं वेगळी काढता येत नाहीत. कॅसेटनं त्यातला आवाज उचलला, पावलं मागंच राहिली. व्हिडिओ आवाज आणि चित्र आधी वेगळं करतो, पण शेवटी पावलांसकट सगळं पुन्हा एकत्र आणून देतो. आज गोंडी आणि बंजारा गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. आदिलाबादकडचं गोंडी गाणं राज्याची सीमा ओलांडून पांढरकवड्यात पाहता येतं, आणि एखादी पोर ते थांबवून, मागं नेऊन, ढोलाच्या कोणत्या ठोक्याला पाऊल पडतं ते शिकू शकते. छापील पुस्तकं ज्या भाषांच्या वाट्याला फार आली नाहीत, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!