मदतीची कळ बंद, जबाबदार मात्र ऑपरेटर

फलटण तालुका म्हटला की ऊस आला आणि ऊस आला की कारखाना आला. साखरवाडीचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीचा, श्रीराम सहकारी त्यानंतरचा. पुढे एमआयडीसीत कमिन्ससारखी इंजिने बनविणारी कंपनीही आली. पूर्वी बॉयलरवरचा कामगार काटा डोळ्याने बघे आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवी. आता तो नियंत्रण कक्षात संगणकाच्या पडद्यासमोर बसतो. काम सोपे झाले असे लोकांना वाटते. आम्हालाही वाटत होते.

काही वर्षांपूर्वी या भागातील एका कारखान्यातला (नाव घेण्याचे कारण नाही) ऑपरेटर आरोपपत्र घेऊन आमच्याकडे आला. आरोप एकच : नियंत्रण कक्षातील संगणकाला खासगी पेनड्राईव्ह लावला. घडले ते असे. ऐन हंगामातील रात्रपाळी. बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी घसरत असल्याचा अलार्म आला. ही पातळी फार खाली गेली तर नळ्या जळतात, फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाईनमध्ये शिरते. पडद्यावर इंग्रजी ओळ आणि एक क्रमांक. त्याने मदतीसाठी एफ-वन दाबले. काहीच उघडले नाही, कारण ती कळ बंद करून ठेवलेली होती. त्याच्या खिशात पेनड्राईव्ह होता आणि त्यात एका जुन्या ऑपरेटरने मराठीत केलेली टिपणे. त्याने तो लावला, पान वाचले, दुसरा फीड पंप चालू केला. बॉयलर वाचला. सकाळी संगणकात पेनड्राईव्हची नोंद सापडली आणि दुपारी हातात कागद पडला.

आमची पहिली प्रतिक्रिया संतापाची होती. पण चौकशीची तयारी करताना कबूल करावे लागले की व्यवस्थापनाची भीती खोटी नव्हती. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने इराणमधील नातान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे बिघडविली. ती यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती. विषाणू पसरला तो पेनड्राईव्हमार्फत, आणि त्यासाठी फाईल उघडण्याचीही गरज नव्हती. विंडोजने शॉर्टकटचे चित्र पडद्यावर दाखविले की झाले. सिमँटेक कंपनीच्या अहवालानुसार इराण व इंडोनेशियाच्या खालोखाल त्याची लागण भारतातील संगणकांना झाली होती.

मग एफ-वन का बंद? त्यालाही कारण आहे. नियंत्रण कक्षातील संगणक असा बांधलेला असतो की ऑपरेटरला फक्त प्लँटचे चित्र दिसावे, बाकी काही नाही. पण मदतीची खिडकी उघडली की तिच्यात लिंक असते, प्रिंटचे बटण असते, फाईल उघडण्याची सोय असते. त्या वाटेने माणूस ब्राउझरमध्ये, तिथून फोल्डरमध्ये आणि शेवटी कमांडच्या काळ्या खिडकीत पोहोचू शकतो. पीडीएफच्या पोटातही स्क्रिप्ट दडवता येते. म्हणजे ज्याला आपण निरुपद्रवी पुस्तिका समजतो, तीच मागचे दार ठरते.

इथवर आम्ही व्यवस्थापनाच्या बाजूने आहोत. मतभेद पुढे सुरू होतो. दार धोक्याचे आहे म्हणून ते लिंपून टाकायचे आणि आतल्या माणसाला अंधारात बसवायचे, ही कसली सुरक्षा? ज्ञान कुलपात ठेवून कष्टाची जबाबदारी तेवढी दुसऱ्यावर टाकण्याचा सराव या देशाला जुना आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

उपाय होते, आणि महागही नव्हते. मदतीची पाने साधी करायची : स्क्रिप्ट नाही, बाहेर जाणारी लिंक नाही, नुसता मजकूर आणि चित्रे. ती नियंत्रण जाळ्याला न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर त्याच खोलीत ठेवायची. त्याच संगणकावर ठेवणे भाग असेल तर फक्त तेवढाच फोल्डर दाखविणारा वाचक-प्रोग्राम, मर्यादित अधिकाराच्या खात्यावर, आणि मंजूर यादीबाहेरचा कोणताही प्रोग्राम चालणार नाही अशी व्यवस्था. नवी आवृत्ती एकाच जबाबदार माणसाने, वेगळ्या यंत्रावर तपासून आणि फाईलचा हॅश मूळ प्रतीशी ताडूनच चढवायची. कोर्टात मूळ दस्तऐवज कोणाच्या हाती देत नाहीत, प्रमाणित नक्कल देतात; तसेच हे. आणि जिवाशी गाठ असलेल्या मोजक्या अलार्मची पाने लॅमिनेट करून भिंतीला टांगायची. वीज गेली तरी ती वाचता येतात.

चौकशीत आम्ही कायदाच समोर ठेवला. तेव्हा १९४८ चा कारखाने कायदा लागू होता. भोपाळनंतर, १९८७ साली, त्यात कलम ७-अ आले : कामगाराच्या सुरक्षेसाठी आवश्यक ती माहिती, सूचना व प्रशिक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य. कलम १११-अ ने ती माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला. आणि कलम १०८ मूळचेच : कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हव्यात. संगणकाचा पडदा ही भिंत नव्हे, असा युक्तिवाद समोरून झाला. अक्षराने पाहिले तर तो चूक नव्हता. हेतूने पाहिले तर टिकणारा नव्हता. (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे; माहिती देण्याचे कर्तव्य तिच्यातही आहे.) माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली फौजदारी करण्याची धमकीही देऊन झाली. त्या कलमाला अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो, हे दाखविल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही.

शेवटी लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटले. ती ताकीद आम्ही स्वीकारली, कारण पेनड्राईव्ह लावणे ही चूक होतीच. ऑपरेटरची नोकरी राहिली. पुढच्या हंगामापूर्वी नियंत्रण कक्षात जाळ्याला न जोडलेला एक जुना संगणक आला. त्याचे यूएसबीचे खाचे बंद केलेले. त्या मराठी टिपणांची स्वच्छ प्रत त्याच्यावर चढविण्यापूर्वी ती लिहिणाऱ्या निवृत्त ऑपरेटरला तपासायला बोलावले. त्याने वाचून स्वतःच्याच दोन चुका दुरुस्त केल्या. त्यातली एक ड्रमच्या पातळीच्या पानावर होती.