वहिवाट सिद्ध करा

1 जून 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पत्नी रमाबाईंना जाऊन तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. प्राचार्यपदासोबत विधिशास्त्राचे ‘पेरी प्राध्यापक’ हे मानाचे पदही त्यांच्याकडे आले. शिकवणे त्यांना नवे नव्हते. सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र, बाटलीबॉयांच्या संस्थेत व्यापारी कायदा, 1928 मध्ये याच महाविद्यालयात प्राध्यापकी, हे सगळे होऊन गेले होते. त्यांच्या चरित्रांत हा भाग बहुधा दोन-चार ओळींत उरकला जातो. मला मात्र तो त्यांच्या राजकारणाचा कणा वाटतो, आणि त्याचा पुरावा महाडच्या खटल्यात सापडतो.

20 मार्च 1927 रोजी त्यांनी महाडला, अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला. म्हणणे दुहेरी होते: तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी भरू नये ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. सत्याग्रह परिषदेसाठी हजारो माणसे महाडात उतरलेली, रक्त तापलेले. तरीही हुकूम मोडायचा नाही, असे बाबासाहेबांनी ठरवले आणि लोकांच्या गळी उतरवले. त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. तळ्याला मात्र हात लागला नाही. ही माघार अनेकांना खटकली असेल. मला त्यात कमालीचा आत्मविश्वास दिसतो. तळ्यावरचा हक्क त्यांना कोर्टाकडून वदवून घ्यायचा होता.

महाड, ठाणे, मग हायकोर्ट, असा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल, तर ती प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी असावी लागते, आणि ते दाखवून देण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. विधिशास्त्राच्या वर्गातला हा अगदी पायाचा धडा. 17 मार्च 1937 रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी सवर्णांचे अपील फेटाळले. अनादि वहिवाट वादींना सिद्धच करता आली नाही. मग ती वाजवी आहे की नाही, हे तपासण्याची वेळ आली नाही. वैद्य विरुद्ध आंबेडकर या खटल्यातले प्रतिवादी आंबेडकर त्या दिवशी विधिशास्त्राचे विद्यमान प्राध्यापक होते.

प्राचार्यपदाच्या याच काळात येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्ष उभा राहिला, ते विधानसभेवर निवडून आले, आणि खोतीची जमीनदारी पद्धत मोडण्याचे विधेयक त्यांनी मांडले. 1938 मध्ये त्यांनी महाविद्यालय सोडले.

महाडच्या दाव्यात सांगितलेल्या वहिवाटीच्या पाठीशी पोथ्या होत्या, आणि महाराष्ट्रासाठी त्या पोथ्यांचे मोठे पीठ होते काशी. पैठणचे भट्ट घराणे तिथे स्थायिक झाले. त्यातल्या कमलाकरभट्टांचा 1612 चा ‘निर्णयसिंधु’ इंग्रजी अमदानीतही आपल्याकडे प्रमाण मानला जाई. शूद्रांच्या आचारधर्मावर त्यांनी वेगळा ग्रंथ लिहिला. त्यांचे पुतणे गागाभट्ट 1674 मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले. तो रायगड महाडजवळच. धर्मनिर्णय काशीहून यायचा आणि इकडे रूढी होऊन राहायचा.

त्या रूढीचा निकाल राज्यघटनेने लावला. अनुच्छेद 13 ने ‘कायदा’ या संज्ञेत रूढी आणि वहिवाटही धरली. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल ती तेवढ्यापुरती रद्द. अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची यादीच आहे. त्यातला तलाव वाचताना मला चवदार तळे दिसते, आणि स्नानघाट वाचताना काशी.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबासाहेब नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. परतताना ते बनारसला, म्हणजे काशीला, थांबले. शरीर पार थकले होते, तरी तिथल्या विद्यार्थ्यांपुढे बोलले, सारनाथला गेले. 30 नोव्हेंबरला ते दिल्लीत पोहोचले. पुढे सहाच दिवसांचे आयुष्य उरले होते.

त्याच दशकात काशीच्या विश्वनाथाच्या देवळात दलितांचा प्रवेश झाला. सनातनी करपात्रीस्वामींना तो मान्य नव्हता. त्यांनी मीरघाटाजवळ वेगळे विश्वनाथ मंदिर उभारले. जुन्या देवळाच्या दारात वहिवाट सांगून कोणाला अडवण्याची सोय आता कायद्यात उरली नव्हती.