उसातला ‘वाघ’ नेमका कोण?

दोस्तांनो, निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्या दिसला, की हाळी उठते, “वाघ आला रे!” हे अगदीच चूक नाही बरं का! मार्जार कुळात वाघ, सिंह, बिबट्या एकाच ‘पँथेरा’ प्रजातीतले. वाघ ‘पँथेरा टायग्रिस’, बिबट्या ‘पँथेरा पार्डस’. आडनाव एक, नावं निराळी! लिनियसने तर १७५८ साली त्यांना मांजराच्याच ‘फेलिस’ प्रजातीत बसवलं होतं.

बिबट्याला ‘चित्ता’ म्हणणं मात्र चूक. चित्त्याची प्रजातीच वेगळी, ‘ॲसिनोनिक्स’. त्याचे ठिपके भरीव, बिबट्याचे फुलासारखे. शिवाय चित्ता डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा घुर्रघुर्र करतो.

ऊसतोडीत ठिपक्यांची पिल्लं सापडली, तर रानमांजराची समजून घरी आणू नका. लांब व्हा, वनखात्याला कळवा. बहुतेकदा रात्री आई त्यांना न्यायला येते.